कावीळ आज दिसते, गळती महिन्यापूर्वीची असते

‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.’ नगरपालिकेची कोणतीही विषयपत्रिका उघडा, पहिला विषय बहुधा हाच. पुढचेही असेच: जलशुद्धीकरण केंद्रासाठी तुरटी आणि क्लोरीन खरेदीस मंजुरी, जुनी जलवाहिनी बदलणे, गळती दुरुस्तीच्या वार्षिक कामास मुदतवाढ. सभेत खुर्च्या हलल्या तर त्याची बातमी होते. हे विषय मात्र ‘मंजूर, मंजूर’ म्हणत पाच मिनिटांत संपतात. आरोग्याच्या सदरात त्यांचे काय काम, असा प्रश्न पडू शकतो. गावात काविळीचे रुग्ण वाढतात आणि कारण शोधायची वेळ येते, तेव्हा डॉक्टरांना रक्ततपासणीइतकेच हे कागद लागतात.

पनवेलला या कागदांची सवय जुनी आहे. १८५० च्या कायद्याने शहरांना आपला कारभार आपण पाहण्याची मुभा दिली आणि १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका आली. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांमध्ये तिची गणना होते. त्या वेळी रोग जंतूंमुळे होतो हे वैद्यकाला ठाऊक नव्हते. पटकी, म्हणजे कॉलरा, घाणेरड्या हवेतून पसरतो असेच बहुतेक डॉक्टर मानत. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हातपंपाचे पाणी पिणाऱ्यांना कॉलरा होतो, हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवले. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू वेगळा काढला तो थेट १८८४ मध्ये. म्हणजे जंतूची ओळख पटण्याच्या तीसेक वर्षे आधीपासून पनवेलची नगरपालिका उभी होती.

स्नो यांच्या नकाशाची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. त्या नकाशासाठी मृतांचे पत्ते कुठून आले, हे सहसा सांगितले जात नाही. ते आले जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयातून. विल्यम फार नावाचे सांख्यिकीतज्ज्ञ तिथे होते; त्यांनी मृत्यूंची यादी दिली आणि स्नो घरोघर फिरले. फार स्वतः तेव्हा घाणेरड्या हवेच्या बाजूचे होते. तरी यादी चोख ठेवलेली होती आणि ती त्यांनी दिली. माझ्या मते त्या गोष्टीतला अर्धा नायक तो कारकुनी कागदच आहे.

आता पनवेलच्या पाण्याकडे येऊ. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे अशा तळ्यांचे हे गाव. शहराला पाणी देणारे गाढी नदीवरचे देहरंग धरण नगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीचे. धरणाची मालक असलेल्या नगरपालिका राज्यात मोजक्याच. पण धरणात गाळ साचलेला, उन्हाळ्याच्या शेवटी साठा तळाला जातो आणि शहराला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, एमआयडीसी यांच्या पाण्यावर विसंबावे लागते. मग पाणी कमी दाबाने येते, एक दिवसाआड येते. पावसाळ्यात उलटा प्रश्न. माथेरानच्या डोंगरउतारावरची माती घेऊन गाढी लाल होते आणि शुद्धीकरण केंद्राची परीक्षा सुरू होते.

गढूळ पाण्यात नुसते क्लोरीन ओतून भागत नाही. मातीच्या कणांच्या आडोशाला जंतू लपतात, शिवाय पाण्यातला पालापाचोळा क्लोरीन खाऊन टाकतो. म्हणून आधी तुरटी. तुरटीमुळे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. मग वाळूच्या थरातून गाळणी, आणि शेवटी क्लोरीन. तुरटी किती घालायची हे रोज ठरते: काचेच्या पाच-सहा भांड्यांत पाणी घेऊन, प्रत्येकात वेगळी मात्रा घालून, कुठल्या भांड्यातले पाणी लवकर नितळते ते पाहतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा. दुसरी सोयच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. जुलैत ही मात्रा सकाळ-संध्याकाळ बदलू शकते. तुरटीची खरेदी कागदावर अडली तर त्याचा परिणाम पोटावर होतो, तो असा.

कागद अडला की काय होते हे जर्मनीतल्या हॅम्बुर्गने १८९२ मध्ये पाहिले. पाणी वाळूतून गाळून द्यायचे की नाही, यावर तिथल्या कारभाऱ्यांनी खर्चाचे हिशेब करत वर्षे घालवली. शेजारचे आल्टोना त्याच एल्ब नदीचे पाणी, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचे, गाळून देत होते. त्या वर्षी कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांहून अधिक माणसे गेली, आल्टोना बरेचसे बचावले. दोन्ही शहरांची हद्द एका रस्त्याला लागून होती.

केंद्रातून पाणी शुद्ध निघाले तरी ते घरापर्यंत तसेच येईल याची खात्री नसते. नळ चोवीस तास भरलेला असेल तर आतला दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. फूट असली तर पाणी बाहेर जाते, इतकेच. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि त्याच फुटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. त्यात कुणी नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात पहिली दहा मिनिटे नळाला जे येते, त्यात हा हिस्सा असू शकतो. हे पाणी पिण्यासाठी भरू नये.

म्हणूनच पाण्यात थोडे क्लोरीन शिल्लक राखतात. शेवटच्या घराच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन मिळाले पाहिजे. पालिकेचा कर्मचारी नळावर छोट्या नळकांडीत पाणी घेऊन दोन थेंब टाकतो आणि रंग पाहतो, ती हीच तपासणी. जुन्या ओटी पद्धतीत पाणी पिवळे होते, नव्या डीपीडी पद्धतीत गुलाबी. ओटीचे रसायन आरोग्याला घातक असल्याचा संशय असल्याने डीपीडी बरी. काल रंग आला आणि आज त्याच नळाला आला नाही, तर मध्ये कुठेतरी काहीतरी शिरले आहे. पण हे कळण्यासाठी कालची नोंद हवी. नुसते ‘आज रंग आला नाही’ यावरून फार काही सांगता येत नाही.

नोंदीची खरी गरज काविळीत दिसते. दूषित पाण्यातून मोठ्या साथी आणते ती बहुधा ‘हेपॅटायटिस ई’ या विषाणूची कावीळ. विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. कॉलऱ्यात हा काळ काही तासांपासून पाच दिवसांचा, टायफॉइडमध्ये साधारण एक ते तीन आठवड्यांचा. म्हणजे कॉलऱ्याचा रुग्ण आला तर परवाच्या पाण्याकडे बघायचे आणि काविळीचा आला तर सव्वा महिन्यापूर्वीच्या. तोपर्यंत फुटलेला नळ दुरुस्त झालेला असतो, खड्डा बुजून वर डांबरही पडलेले असते. आज घेतलेला पाण्याचा नमुना स्वच्छ निघतो. ‘पाणी पिण्यास योग्य’ असा अहवाल येतो, तो खराही असतो, आणि तरी दवाखान्यात रोज नवे रुग्ण येत राहतात.

दिल्लीत नेमके हेच घडले. नोव्हेंबर १९५५ मध्ये यमुनेला पूर आला आणि नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. कर्मचाऱ्यांच्या ते लक्षात आले, त्यांनी तुरटी आणि क्लोरीन वाढवले. शहरात टायफॉइडची साथ आली नाही. जिवाणू मेले होते. विषाणू निसटले. डिसेंबरमध्ये कावीळ सुरू झाली आणि जानेवारीपर्यंत सुमारे २९ हजार लोकांना ती झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यू जास्त होते. पाणी नेमके कोणत्या आठवड्यात दूषित झाले हे पुढे छातीठोकपणे सांगता आले, कारण केंद्रातल्या रोजच्या नोंदी उपलब्ध होत्या. त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुनेही कुणीतरी जपून ठेवले होते. १९८० मध्ये ते तपासले गेले, त्यात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे शास्त्रज्ञ होते, आणि ही कावीळ नेहमीची ‘ए’ प्रकारची नव्हती हे सिद्ध झाले. ‘ई’ विषाणूची ओळख त्यानंतरची.

पनवेलमध्ये अशी वेळ आली तर? १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती आणि आजूबाजूची २९ गावे एका छत्राखाली आली. आरोग्य विभाग महापालिकेचा झाला. वसाहतींना पाणी मात्र सिडकोकडून मिळत आले आहे, जुन्या शहराला पालिकेकडून. रुग्णाची नोंद एका कार्यालयात, त्याच्या नळाची दुसऱ्या. गळतीची तक्रार कधी ऑनलाइन, कधी फोनवर, कधी व्हॉल्व्हमनला रस्त्यात गाठून तोंडी. ही वह्यांची फाळणी मला पाणीटंचाईइतकीच काळजीची वाटते. साथरोगाचा माग काढणाऱ्याला एकाच नकाशावर तीन गोष्टी हव्या असतात: रुग्णाचा पत्ता, त्या पत्त्याला पाणी देणारा जलकुंभ, आणि त्या जलकुंभाच्या हद्दीत गेल्या दहा आठवड्यांत झालेल्या दुरुस्त्या. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही कार्यालयांनी तक्रार लिहिताना जलकुंभाचे नाव लिहायचे ठरवले आणि यादी दर आठवड्याला आरोग्य विभागाकडे पाठवली, तर काम होते. हा विषयपत्रिकेतला एका ओळीचा विषय आहे.

मृत्यूच्या नोंदीचेही तसेच. नोंद २१ दिवसांत करायची असते हे बहुतेकांना माहीत असते, कारण दाखल्याशिवाय बँकेची कामे अडतात. घरच्यांना मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचे कारण नसते. ते कायद्यानेच त्यावर छापायचे नाही. कारण असते ते डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात आणि पालिकेच्या नोंदवहीत. तिथे नुसते ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले, तर त्या नोंदीचा कुणालाच उपयोग नाही. हृदय शेवटी सगळ्यांचेच बंद पडते. मूळ आजार कोणता, हे डॉक्टरांनी लिहिले पाहिजे आणि घरच्यांनी तसा आग्रह धरायला हरकत नाही.

आपल्या हातात काय आहे? सोसायटीची जमिनीखालची आणि गच्चीवरची टाकी कधी धुतली, टँकर आला तर कुठून आला आणि कोणत्या तारखेला, हे सोसायटीच्या कार्यालयात लिहिलेले असावे. क्लोरीन तपासायचा छोटा संच महाग नसतो. आठवड्यातून एकदा तळमजल्याच्या नळाला आणि एकदा सगळ्यात वरच्या घरात तपासा. खाली रंग येतो आणि वर येत नाही, तर दोष तुमच्या टाकीत आहे, पालिकेशी भांडण्यात अर्थ नाही. पाण्याला वास किंवा रंग आला की पाणी खळखळून उकळू द्या, मगच प्या. हे विषाणूंनाही लागू पडते. जेवण नकोसे होणे, मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे दिसले तर डॉक्टरांकडे जा, गावठी औषधात दिवस घालवू नका. घरात गर्भवती स्त्री असेल तर त्याच दिवशी जा: शेवटच्या तिमाहीत ‘ई’ कावीळ झालेल्या स्त्रियांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणि गढूळ पाण्याची तक्रार करताना ‘पाणी खराब येते’ एवढ्यावर थांबू नका. तारीख, वेळ, इमारत, पाणी सुटल्यानंतर किती मिनिटे गढूळ आले, जवळ कुठे खोदकाम चालू आहे का, हे सगळे सांगा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. सव्वा महिन्याने कुणाला तरी तो लागेल.