भाकरी पचवणारा लांडगा

कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असते. ऐकणाऱ्याचं लक्ष तुपाकडे जातं. मला मात्र नवल वाटतं ते भाकरीचं. लांडग्याच्या कुळातल्या, सुळे असलेल्या प्राण्याने भाकरी पळवावीच का, आणि ती त्याला पचावी कशी?

२०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांची जनुकं शेजारी ठेवून पाहिली. धान्यातलं पिष्ट फोडणारं अमायलेज हे विकर स्वादुपिंडात तयार होतं. ते बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती निघाल्या. कुत्र्यांकडे चारपासून तीसपर्यंत! माणसाच्या चुलीपाशी, खळ्यापाशी घुटमळताना ज्यांना उरलंसुरलं धान्य पचलं, त्यांचीच पिल्लं जगली. ऑस्ट्रेलियाच्या डिंगोला शेतकऱ्याचा शेजार फारसा लाभला नाही. त्याच्याकडे आजही दोनच प्रती आहेत. माणसाने पेरणी सुरू केली आणि त्याची नोंद कुत्र्याच्या पेशीपेशीत झाली.

छत्रपती संभाजीनगरच्या गल्लीत दारोदारची भाकरी खाऊन जगणारा गावठी कुत्रा त्याच वंशावळीतला. त्याच्या वाट्याला ज्वारी यावी, हेही बरंच. ब्राझीलमध्ये २००८ साली कुत्र्यांना वेगवेगळ्या धान्यांचं खाद्य देऊन रक्तातली साखर मोजली गेली. तांदूळ आणि मक्याच्या मानाने ज्वारी, मसूर आणि वाटाण्याने ती सावकाश चढली. अर्थात नुसत्या भाकरीवर कुत्रा धड पोसत नाही. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी आणि कॅल्शियमही तुटपुंजं.

आणखी एक गंमत पाहा. संत्रं-आवळा खाल्ला नाही तर आपल्याला क जीवनसत्त्व मिळत नाही; कुत्र्याचं यकृत ते घरच्या घरी बनवतं. उलट ड जीवनसत्त्व आपली कातडी उन्हात तयार करते, पण कुत्रा मराठवाड्याच्या उन्हात दिवसभर पडून राहिला तरी त्याच्या कातडीला ते पुरेसं जमत नाही. ते अन्नातूनच यावं लागतं. उकडलेल्या अंड्याचा बलक किंवा मासळी त्याच्या थाळीत शोभते ती यासाठी.

भाज्यांचं काय? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २००५ साली स्कॉटिश टेरियर जातीच्या कुत्र्यांचा आहार तपासला. या जातीला मूत्राशयाचा कर्करोग फार होतो. आठवड्यातून तीनदा तरी पालेभाजी किंवा पिवळ्या-केशरी भाज्या मिळणाऱ्या कुत्र्यांत तो बराच कमी आढळला. भाजीनेच तो टळला असं यातून सिद्ध होत नाही, पण जाधववाडीच्या बाजारातून आणलेल्या लाल भोपळ्याची एक फोड, एखादं गाजर कुत्र्यासाठी उकडायला एवढं कारण मला पुरतं. बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवणं कुत्र्याला साधतं. मांजराला जवळजवळ नाहीच. फक्त अशी वरची भर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांत ठेवावी, असं पशुवैद्य सांगतात. तूपही जपूनच. एकदम फार स्निग्ध खाल्लं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

आता फोडणी. कांदा-लसणातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी मोडतात. शिजवून, तळून, वाळवून मसाल्यात दळून ती जात नाहीत.

द्राक्षांचं कोडं याहून रंजक. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, हे माहीत होतं. कशाने, ते कळत नव्हतं. मग अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या लक्षात आलं की, क्रीम ऑफ टार्टर घालून मुलांसाठी घरी मळलेला खेळाचा गोळा खाणारे कुत्रेही अगदी तसेच आजारी पडतात. क्रीम ऑफ टार्टर आणि द्राक्ष यांत समान काय, तर टार्टारिक आम्ल. २०२१ साली त्यांनी हा संशय जाहीर मांडला. हेच आम्ल भरपूर असलेलं दुसरं फळ म्हणजे चिंच, आपल्या आमटीत रोज पडणारी.

म्हणून कुत्र्याचं वरण फोडणी आणि चिंचेच्या कोळाआधीच बाजूला काढायचं. भाकरी त्यातच कुस्करायची.