वहिनींचा एक प्रश्न

वडिलांच्या पश्चात त्यांची १९९१ सालची मारुती ८०० आमच्या पुण्याच्या घराखाली नुसती उभी होती. ती मोडीत द्यायची गोष्ट निघाली, तेव्हा धाकट्या बंधूंचे डोळे पाणावले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तिचे इंजिन उतरवले. "दादा, आता ही विजेवर धावणार!" विजेशी माझा संबंध महिन्याच्या बिलापुरता, मी मान डोलावली.

मोटर आली, बॅटरी आली. ३.२ व्होल्टचे, १०० अँपिअर-तासांचे ३० लिथियम सेल एकापुढे एक जोडले, की झाले ९६ व्होल्ट. साडेनऊ युनिट वीज मावणारी ही टाकीच म्हणा ना! वाद पेटला तो चार्जरवरून. बंधूंना ६.६ किलोवॅटचा हवा होता. दीड-दोन तासांत गाडी तयार! सौभाग्यवतींनी शांतपणे विचारले, "भावजी, मग उरलेली रात्र ही गाडी काय करणार?"

प्रश्न साधा, पण सारा हिशेब त्यातच होता. रात्री दहा ते सकाळी सहा हे आठ तास. २ किलोवॅटचा चार्जर पाच-साडेपाच तासांत काम उरकतो आणि भिंतीतून साधारण १० अँपिअर ओढतो. १६ अँपिअरच्या सॉकेटला तेवढे झेपते. मोठा चार्जर मागतो ३० च्या आसपास. त्याला जाड तार आणि स्वतंत्र सर्किट हवे. त्याच जुन्या तारेतून तिप्पट प्रवाह गेला, तर ती नऊपट तापते. आणि गाडीच्या बरोबर वरच्या खोलीत मुले झोपतात.

मग स्वस्ताईचा मोह झाला. कोणी रिक्षाचा जुना चार्जर देऊ केला. तो होता शिसे-आम्लाच्या बॅटरीचा. पाहुण्याचे पोट भरले हे न कळणाऱ्या यजमानासारखा! आमच्या सेलला ३.६५ व्होल्टच्या वर चढवायचे नाही, म्हणजे सगळे मिळून १०९.५. चार्जरने आधी एकसारखा प्रवाह द्यावा, मग व्होल्ट स्थिर धरून प्रवाह कमी करीत थांबावे. एखादा सेल आधीच भरला, तर बॅटरीवरचे राखणदार यंत्र 'पुरे' म्हणते. ते ऐकून बंद होणाराच चार्जर घ्यावा. बहिरा चार्जर फुकटही महाग.

चार्जर ठरला आणि वायरमन आला. त्याने सॉकेट उघडले, तो अर्थिंगची तार बोर्डामागेच संपलेली! त्याच सॉकेटवर आम्ही वर्षानुवर्षे इस्त्री केली होती. नवे अर्थिंग झाले, वेगळी तार आली, ३० मिलिअँपिअरची गळतीही पकडणारा स्विच बसला. बंधूंची गाडी राहिली बाजूला, आधी घरच सुधारले.

गाडी अजून आवारातच फिरते. रस्त्यावर यायला मान्यताप्राप्त संच, अधिकृत जोडणी आणि आर.सी. बुकात नोंद लागते. बंधूंचा आता त्यासाठी खटाटोप चालू आहे.

श्रावणातल्या एका रात्री गाडी प्रथमच चार्जिंगला लावली. खाली पंखा घुरघुरत होता, वर मुले झोपली होती. मध्यरात्री मी गुपचूप उतरून प्लगला हात लावला. कोमट होता, गरम नव्हता. मागे वळलो, तो जिन्यात बंधू उभे!

"दादा," ते हळूच म्हणाले, "वहिनींचंच बरोबर होतं."