ताट इथंच संपवायचं

पाऊस तिरपा येतोय. अंगणवाडीच्या ओट्यावर पाच-सहा बायका डोक्यावरचे प्लॅस्टिकचे कागद झटकतायत. गुडघ्यापर्यंत चिखल आहे, कारण आवणी सुरू आहे आणि सगळ्या थेट खाचरातून आल्यात. आत मदतनीस मावशी उकडलेली अंडी सोलते आहे. भात, तुरीची डाळ, मटकीची उसळ, चपात्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि टाकळ्याची भाजी असा आजचा बेत आहे. टाकळा मावशीनं सकाळी येताना बांधावरून खुडून आणलाय. त्याला पैसे पडलेले नाहीत, त्यामुळे तो कुठल्याच हिशोबात नाही. ताटातली सगळ्यात ताजी वस्तू मात्र तीच.

जव्हार तालुक्यातला हा एक पाडा. १९९२ साली वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली, तेव्हा या तालुक्याचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत पोचलं. पुढे जिल्हा बदलला. २०१४ साली ठाण्यातून पालघर वेगळा झाला. २०१५ साली आदिवासी भागांसाठी अमृत आहार योजना आली. गर्भार बाईला आणि तान्ह्या बाळाच्या आईला दिवसातून एकदा गरम, चौरस जेवण द्यायचं, तेही तिनं अंगणवाडीत बसून खायचं, घरी न्यायचं नाही, अशी ही योजना. दुपारभर मी जे पाहतोय, ते सगळं या शेवटच्या अटीभोवती फिरतंय.

दाराजवळ बसलेलीचं बाळ दोन महिन्यांचं आहे. तिनं त्याला आधी पाजून घेतलं आणि आता ते सासूच्या मांडीवर झोपलंय. तीन वर्षांचा थोरला तिच्या पाठीला लोंबकळतोय. समोर ताट येतं. ती अंड्याचे दोन भाग करते आणि अर्धा भाग मागे न बघताच थोरल्याच्या तोंडात देते. मग लाडू उचलते, इकडंतिकडं बघते आणि पदराच्या टोकात बांधायला लागते.

"सोड ती गाठ," अंगणवाडीची ताई हजेरीच्या वहीतून मान वर न करता म्हणते. "ताट इथंच संपवायचं."

"संपवते ना."

"पदरात संपवतेस? आणि त्याला त्याचं अंडं मिळालंय मघाशी. विचार मावशीला."

"मोठीला नेते, ताई. बाळाला दिवसभर तीच धरते."

मोठी दहा वर्षांची आहे. आवणी उरकेपर्यंत तिची शाळा बंद, म्हणजे शाळा चालू आहे, हिचं जाणं बंद आहे. अंगणवाडीच्या वयातून ती केव्हाच बाहेर पडली, त्यामुळे इथल्या पातेल्यात तिच्या नावाचं काही शिजत नाही. ताई गप्प होते. नियम तिच्या बाजूनं आहे, पण तो त्या पोरीच्या तोंडावर सांगायला कोण जाईल? शेवटी मावशीच कढईजवळून म्हणते, "तू तुझा खा. फुटलेला एक राहिलाय, तो मोठीला घेऊन जा." गाठ सुटते. लाडू खाल्ला जातो, पण अगदी हळू.

भिंतीवर आहाराचा तक्ता आहे. त्यात सफरचंद आहे, द्राक्षांचा घड आहे, काचेच्या पेल्यात दूध आहे. या पाड्यावर सफरचंद कोण आणणार? ज्या नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि जी इथल्या प्रत्येक घराच्या कणगीत असते किंवा असायची, ती मात्र चित्रात कोपऱ्यात, ओळखू न येणाऱ्या भाकरीच्या रूपात. आता तर कणग्याही तळाला गेल्यात. नवी नागली कापायला दिवाळी जवळ यावी लागते. तोवर रेशनचा तांदूळ. म्हणजे कामाचा डोंगर आणि रिकामी कणगी एकाच महिन्यात येतात, आणि बाळंतपण काही महिना बघून येत नाही.

तक्त्याखाली ताई मला आकडा सांगते. पहिले सहा महिने पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा ६०० कॅलरी जास्त लागतात. मग ती हातानं मोजून दाखवते: दोन भाकऱ्या, वाटीभर डाळ, एक लाडू. बायकांना ती आकडा सांगतच नाही, एवढंच सांगते. मला हे आवडतं. आकडा ऐकून बाई मान हलवते, भाकरी ऐकून मात्र विचारते की ती कुठून आणू.

सासूला हे सगळं पटलेलं नाही. "आम्ही सहा जणं पाजली, बाई. पेज आणि मीठ. दूध काय आटलं नाय."

ताई वाद घालत नाही. खरं तर म्हातारीचं म्हणणं निम्मं बरोबरच आहे. आईनं कमी खाल्लं तरी दूध बहुतेक वेळा उतरतं. कॅल्शियम कमी पडलं तर शरीर ते आईच्या हाडांतून काढून बाळाला देतं. काही जीवनसत्त्वं मात्र आईच्या ताटात नसली तर दुधातही कमी होतात. ताई हे असं बोलत नाही. ती म्हातारीच्या कंबरेकडे बोट करते. "आणि ही कंबर? कधीपासून धरलीय?"

"ती तं धाकट्यापासून."

"मग?"

म्हातारी हसते. दात फार उरलेले नाहीत. "पण डाळीनं पोराचं पोट फुगतं," ती एक पाऊल मागे घेत म्हणते. ताई बाळाच्या पोटावर हात फिरवते. काल डाळ खाल्ली होती, आज पोट मऊ आहे, असं म्हणून ती विषय बदलते. खुरासणीची चटणी घालता का सुनेला? घाला. सुकट? चालते. पालेभाजी? तीही चालते. म्हातारी प्रत्येक 'चालते'वर मान हलवत नाही, पण ऐकते आहे.

आता लाल गोळीची वेळ. बाळंतपणानंतर १८० दिवस लोहाची गोळी घ्यायची असते. दाराजवळची म्हणते, घेते की रोज, चहाबरोबर. कोरा चहा. ताई कपाळावर हात मारते. चहा लोह अंगाला लागू देत नाही आणि कॅल्शियमची गोळीही तिच्याबरोबर घ्यायची नाही. लाल गोळी रात्री झोपताना, पाण्याबरोबर. "चहा बंद?" बाईच्या चेहऱ्यावर इतका वेळ न दिसलेली काळजी दिसते. बंद नाही, लांब ठेव, असं म्हटल्यावर जीव भांड्यात पडतो.

बाकीच्या भराभर जेवतायत. ओढ्यापलीकडची एक आलेली नाही, पाणी चढलंय. तिचा डबा न्यायला दीर आलाय आणि ताई नियम बाजूला ठेवून डबा भरते आहे. तो डबा घरी किती जणांत वाटला जाईल, हे तिला माहीत आहे. झाकण लावताना ती दोनदा बजावते.

"दिवाळीनंतर कुठं?" मी दारातलीला विचारतो.

"भिवंडीकडं. भट्टीवर."

"तिथंही अंगणवाडी असेल. नाव तिकडं लावता येतं," ताई लगेच सांगते. "जाताना मला सांगून जा, मी नोंद करून देते."

"असंल. पण हजार विटांमागं पैसे मोजतात, ताई. आम्ही दोघं म्हणजे एक जोडी. उचल घेतलेली असते. मी जेवायला तासभर उठले तर तेवढा वेळ त्याच्या एकट्याच्या हातून किती विटा पडणार? नि शेठ काय म्हणंल?"

"सकाळी लवकर गेलीस तर?"

"सकाळी लवकरच तं विटा पाडायच्या असतात."

ताई वहीच्या मागच्या पानावर स्वतःचा फोन नंबर लिहिते, पान फाडून देते आणि भट्टीवर पोचल्याबरोबर फोन करायला सांगते. तिथल्या बाईशी ती स्वतः बोलेल. बाई तो कागद आधी पदराला बांधते, मग काढून सासूकडे देते. बाहेर मुकादमाची हाक येते, खाचरात रोपं पडून आहेत. चपाती अजून अर्धी शिल्लक आहे. ती उठायला लागते तशी मावशी डाळीचा डाव घेऊन आडवी येते.

"बस. घालू अजून?"

बाई दाराकडे बघते, मुकादमाला ओरडून "येते" म्हणते आणि ताट पुढे करते. "घाल. भातावर घाल."