आडनांवांचें आयुष्य

शाळेंत हजेरी सुरू झाली म्हणजे एकाच आडनांवाचीं तीन-चार मुलें एकामागून एक "हजर" म्हणतात, आणि मध्येंच एखादें आडनांव असें येतें, कीं गुरुजी क्षणभर थांबून विचारतात, "तुम्ही मूळचे कोठले?" एक आडनांव घरोघर आढळावें आणि दुसरें शोधूनहि सांपडूं नये, असें कां व्हावें? आणि आज जें घरोघर आहे तें पुढेंहि तसेंच राहील काय? या प्रश्नांचा आज आपण थोडा विचार करूं.

प्रथम आपल्याकडचीं आडनांवें घेऊं. कुलकर्णी हें नांव इतकें पसरलें, तें कोणा एका कुलकर्ण्याचा वंश अफाट वाढला म्हणून नव्हे. कुलकर्णी हा गांवोगांवचा अधिकारी. त्यामुळें हें नांव अनेक ठिकाणीं स्वतंत्रपणें उगवलें. पाटील, देशमुख, जोशी यांचीहि कथा तीच. दोन कुलकर्णी भेटले तर त्यांचीं गोत्रें पुष्कळदां निराळीं निघतात, तीं यामुळेंच. १९५० च्या कायद्यानें कुलकर्णी वतनें संपुष्टांत आलीं. दप्तर गेलें, नांव मात्र राहिलें.

याच्या उलट गांवावरून पडलेलीं आडनांवें. गांवांत राहणाऱ्याला गांवाच्या नांवाचा उपयोग नसतो, कारण तेथें सारेच त्या गांवचे. मनुष्य गांव सोडून परगांवीं गेला, म्हणजे तें नांव त्याला चिकटतें. मा. दीनानाथांनीं गोमंतकांतील मंगेशी गांवावरून मंगेशकर हें आडनांव घेतलें, हें प्रसिद्धच आहे. गांव लहान, बाहेर पडलेलीं घरें थोडीं. म्हणून अशीं आडनांवें बहुधा विरळ.

शिवाय एका घराण्याचें आडनांव कायम राहतें असेंहि नाहीं. श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भटांना १७१३ मध्यें पेशवाई मिळाली, आणि पुढें त्यांचें घराणें पेशवे म्हणूनच ओळखलें जाऊं लागलें. नाना फडणीस मूळचे भानु. अधिकाराचें नांव आलें आणि जुनें नांव मागें पडलें.

परंतु कोणी नांव बदललें नाहीं, तरीहि आडनांवें नाहींशीं होतात. इंग्लंडांतील मोठमोठ्या उमरावांचीं घराणीं नामशेष होतांना पाहून फ्रान्सिस गाल्टन यांनीं १८७३ मध्यें विचारलें, कीं हा ऐषआरामाचा परिणाम, कीं निव्वळ दैवाचा खेळ? वॉटसन नांवाच्या धर्मोपदेशक गणितज्ञानें त्याचें गणित मांडलें. तें गणित आपणांस घरबसल्या करून पाहतां येईल.

अशी कल्पना करा, कीं निरनिराळ्या आडनांवांचीं ६४ घरें आहेत आणि प्रत्येकांत एकच पुरुष आहे. प्रत्येकासाठीं दोन नाणीं उडवा. जितके छापे पडतील तितके त्याला मुलगे. म्हणजे कोणास दोन, कोणास एक, कोणास एकहि नाहीं, सरासरी एक. पहिल्याच पिढींत सरासरीनें १६ आडनांवें बुडतात. नातवांच्या पिढीपर्यंत बुडालेल्यांची संख्या २५ होते, आणि पणतवांपर्यंत जवळजवळ ३१. माणसें सरासरीनें ६४ च आहेत, पण आडनांवें निम्म्यावर आलीं! मुलग्यांची सरासरी एक किंवा त्याहून कमी असेल, तर एकाच घराचें नांव केव्हां तरी बुडणारच. सरासरी एकाहून अधिक असेल, तर मात्र तें टिकण्याची आशा उरते. ही दुसरी बाजू वॉटसन यांच्या नजरेंतून निसटली होती. पुढें गणितज्ञांनीं ती दुरुस्त केली. ज्या आडनांवाचीं हजारों घरें आहेत त्याला भय थोडें, कारण एका घराची उणीव दुसरें घर भरून काढतें. संकट असतें तें दोन-चार घरांच्या आडनांवांवर.

म्हणूनच आडनांवांची चाल जितकी जुनी, तितकीं तीं मोजकीं उरण्याचा संभव अधिक. चीनमध्यें ही चाल दोन हजार वर्षांहून जुनी, आणि एवढ्या अफाट लोकसंख्येंत थोडक्याच आडनांवांचा भरणा मोठा. जपानांत सामान्य प्रजेला आडनांव सक्तीचें झालें तें १८७५ मध्यें. तेथें आज एक लाखाहून अधिक आडनांवें आहेत. दक्षिण कोरियांत २०१५ च्या गणतींत शेंकडा २१ हून अधिक लोक एकट्या 'किम' आडनांवाचे निघाले. तेथें मात्र दैवाच्या जोडीला प्रतिष्ठेची ओढहि होती. पूर्वीं ज्यांना आडनांव नव्हतें, त्यांतील पुष्कळांनीं तें घेतांना नामांकित घराण्यांचेंच उचललें.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ एकदां खिन्नपणें म्हणाले, "आमच्या आडनांवाचीं दोनच घरें उरलीं, आणि दोन्ही घरांत मुलीच. आमच्या हातून काय चुकलें?" त्यांचें कांहींच चुकलें नव्हतें; नाण्यांचे काटे पडले होते, इतकेंच. आणि बुडालें तें काय? आपल्या हिशेबांत आपण मुलगे तेवढे मोजले. मुलीकडून चालणारा वंश मोजलाच नाहीं. त्यांच्या नातवंडांत आजोबांचें सारें कांहीं आहे, नाहीं तें फक्त आडनांव. महाराष्ट्र सरकारनें १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदपत्रांत आईचें नांव लावणें सक्तीचें केलें. आडनांव बहुधा बापाचेंच राहतें. पण मोजणीची दुसरी बाजू निदान कागदावर आली.

तेव्हां श्रोतेहो, एक लहानसें काम सांगून रजा घेतों. घरांतील वडीलधारीं माणसें आहेत तोंवर आपलें मूळ गांव, पूर्वीचें आडनांव आणि आई, आजी, पणजी यांचीं माहेरचीं आडनांवें एका वहींत लिहून ठेवा. आडनांव टिकवणें आपल्या हातीं नाहीं. त्याची आठवण टिकवणें आहे.