गंजाची पापडी

माळशेज घाट उतरताना पहिल्यांदा जाणवलं. ब्रेकवर पाय ठेवला की स्टेअरिंग हातात थरथरायचं, पाय काढला की शांत. मुरबाडपर्यंत खालच्या गिअरवर हळूहळू आलो. वाटेतल्या गॅरेजात उत्तर तयार होतं, "डिस्क आउट आहे, जोडी बदला." पण डिस्क वर्षापूर्वीच नव्या टाकल्या होत्या. मोजल्याशिवाय बदलायच्या नाहीत असं ठरवून शहापूरला घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी किन्हवलीच्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नाही बघून, गाडी तपासली. ब्रेक न लावता थरथर असती तर चाकांचं बॅलन्सिंग पाहावं लागलं असतं, ती नव्हती. हँडब्रेक बेताने ओढला. मागचे ड्रम बिघडले असते तर सीटखाली धडधड आली असती, तीही नाही. म्हणजे दोष पुढच्या चाकांत.

अंगणातल्या फरशीवर मागच्या चाकांना दगडांची उटी लावली, गाडी जॅकवर घेतली आणि खाली स्टँड दिला. चाक काढलं, वॉशर घालून नट पुन्हा आवळले, म्हणजे डिस्क हबला घट्ट बसते. डायल गेजचं टोक डिस्कच्या कडेपासून बोटभर आत टेकवलं. पुतण्या डिस्क सावकाश फिरवत होता. "काका, सुई पळाली!" डावीकडे 0.04 मिमी, उजवीकडे 0.12. जेमतेम कागदाच्या पानाएवढा फरक, पण बहुतेक गाड्यांना 0.05 ते 0.10 च्या वर चालत नाही. डिस्क अशी डुलली की दर फेऱ्याला पॅडला एकाच जागी घासते. तिथे ती झिजते, जाडी कमीजास्त होते आणि ब्रेक लावला की तोच फरक स्टेअरिंगला हलवतो.

कॅलिपर सोडवून तारेने टांगला, होजवर भार येऊ नये म्हणून. डिस्क काढली आणि कारण समोर आलं. हबच्या तोंडावर गंजाची पापडी धरली होती. नवी डिस्क त्या गंजावरच बसवलेली. आमच्याकडे चार महिने गाडीचं पोट सुकत नाही, गंज धरणारच. तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने हब लखलखीत होईपर्यंत घासला. डिस्क बसवली, 0.07. काढून एक भोक पुढे फिरवून बसवली, 0.03! मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. फरक अगदी थोडा, लेथवर न्यायची गरज नव्हती. पॅड घासले, कॅलिपरच्या पिनांना ब्रेकचंच ग्रीस लावलं. चाकाचे नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने, मॅन्युअलमधल्या आकड्याइतकेच आवळले.

मग मोकळ्या रस्त्यावर साठावरून दहापर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा बेताचे ब्रेक मारले. किंचित थरथर उरली होती, ती पंधरा दिवसांत गेली. त्यानंतर माळशेज पुन्हा उतरलो, स्टेअरिंग हातात स्थिर होतं. डिस्क बदलायची वेळ आलीच, तर मिस्त्रीला एवढंच सांगा: आधी हब घासा.