कंपनी माणूस कधी शोधते? बिरसीच्या धावपट्टीवरून एक उत्तर

कंपन्या नोकरीसाठी माणसं कशी शोधतात, हा आजचा विषय. उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे. धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालणारी छोटी विमानं बिरसीत सगळ्यांनी पाहिली आहेत. ती राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थेची. भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांनी मिळून ही संस्था उभी केली.

आता मला सांगा, विमान कंपनी वैमानिक कधी शोधते? जागा रिकामी झाल्यावर? तेव्हा शोधून भागत नाही. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यानंतर ज्या प्रकारचं विमान चालवायचं, त्याचं प्रशिक्षण वेगळं. म्हणून इंडिगोसारखी कंपनी कॅडेट पायलट योजना चालवते. चाचणी आणि मुलाखत घेऊन आधी निवड, मग प्रशिक्षण, आणि सगळे टप्पे पार पडले तर नोकरी. प्रशिक्षणाचा खर्च मात्र साधारणपणे उमेदवाराचाच असतो, आणि तो मोठा असतो. हेही स्पष्ट बोललं पाहिजे.

याचा अर्थ काय? कंपनीची चाळणी आपल्या अर्जाच्या कितीतरी आधी सुरू होते. वैमानिकासाठी बारावीत भौतिकशास्त्र आणि गणित ही अट राहत आली आहे. म्हणजे पहिली चाळणी दहावीनंतर विषय निवडतानाच लागते, आणि तेव्हा आपल्याला कोणी सांगत नाही. वैद्यकीय तपासणीही पैसे भरण्याआधी करून घ्यावी.

पण विमानतळ म्हणजे फक्त वैमानिक नव्हे. हवाई वाहतूक नियंत्रक, अभियंते अशा पदांसाठी प्राधिकरण स्वतःच्या संकेतस्थळावर जाहिरात देतं. काही भरती ऑनलाइन परीक्षेतून होते, तर अभियंत्यांच्या काही जागा अलीकडे गेटच्या गुणांवर भरल्या गेल्या. साफसफाई, सामानाची चढउतार अशी कामं बहुतेक ठिकाणी कंत्राटदाराकडून होतात. तिथं जाहिरात क्वचितच दिसते, ओळखीतून निरोप फिरतो.

नेमकी इथंच फसवणूक शिरते. ‘विमानतळावर लावून देतो, एवढे भरा,’ असं सांगणारा भेटतो. नियुक्तीपत्रावर बोधचिन्ह असतं, शिक्का असतो, आणि कागद खोटा असतो. आम्ही नोकरीसाठी पैसे घेत नाही, असं प्राधिकरण आणि विमान कंपन्या वेळोवेळी जाहीर करतात. मग प्रशिक्षणाची फी आणि ही रक्कम यांत फरक कसा ओळखायचा? फी शिक्षणाची असते, संस्थेच्या खात्यात जाते, पावती मिळते, आणि संस्थेला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे की नाही हे तपासता येतं. नुसत्या नोकरीच्या शब्दासाठी मागितलेला पैसा यातल्या एकाही कसोटीला उतरत नाही.

तेव्हा घरी गेल्यावर दोन कामं करा. दहावीतल्या मुलामुलींशी विषयांबद्दल आजच बोला. आणि कोणी पैसे मागितले, तर आधी मूळ जाहिरात दाखवायला सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊया.