पेटी एक, किल्ल्या किती?

बँकेतून निवृत्त झालेला माणूस म्हणजे नात्यागोत्यातला फुकटचा सल्लागार. मुदत ठेवींपासून मुलीच्या स्थळापर्यंत कोणताही कागद त्याच्यापुढे ठेवला जातो. गेल्या दिवाळीनंतर सांगलीहून माझ्या भाच्याने तीन कोटेशने पाठवली आणि फोनवर म्हणाला, "मामा, सर्व्हर घ्यायचाय. तिघेही म्हणतात, सगळं यातच होईल. तुम्ही बँकेत एवढी वर्षं हेच बघितलंत, यातलं कुठलं घेऊ ते सांगा."

भाच्याचा औषधांचा घाऊक धंदा आहे. दाजींनी उभा केलेला, आता तो बघतो. तालुक्यातल्या मेडिकल दुकानांना माल पोचवायचा, प्रत्येक डब्याचा बॅच नंबर आणि मुदत नोंदवायची, उधारी ठेवायची आणि ती वसूल करायची. काउंटरवर, गोदामात आणि हिशेबाच्या टेबलावर मिळून नऊ संगणक. आतापर्यंत त्यातल्याच एका जुन्या यंत्रावर सगळा हिशेब होता. तिथे बसणाऱ्या मुलाने जेवायला जाताना ते बंद केले की बाकी आठजण हात बांधून बसत.

सर्व्हर म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जुन्या बँकेत खतावण्या एका कपाटात असत आणि प्रत्येक कारकून तिथूनच खतावणी काढून नोंद करी. सर्व्हर हे ते कपाट आहे. फरक इतकाच की एकच खतावणी एकाच वेळी नऊजण उघडू शकतात. आणि 'ऑल-इन-वन' सर्व्हर म्हणजे त्या कपाटातच टपालखाते, पहारेकरी, छपाईचा विभाग आणि जुन्या दफ्तरांची खोलीही बसवलेली. हिशेब, फायली, ई-मेल, कोणी काय उघडावे याचे पासवर्ड, रात्रीचा बॅकअप, झालेच तर सीसीटीव्हीचे चित्रण, सगळे एकाच पेटीत. छोट्या धंद्याला हे फार आवडते, आणि ते बरोबरच आहे. संगणक विभाग नावाची चीज त्याला परवडत नाही.

ही कल्पना काही नवी नाही. मायक्रोसॉफ्टने १९९७ साली अशाच छोट्या कचेऱ्यांसाठी 'स्मॉल बिझनेस सर्व्हर' काढला, ई-मेलसकट. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या कोबाल्ट नावाच्या कंपनीने 'क्यूब' आणला. वीतभर लांबी-रुंदी-उंचीचा निळा ठोकळा. वीज आणि तार जोडा, ई-मेल आणि फायली सुरू. दिसायला इतका देखणा की टेबलावर शोभेला ठेवावा. सन मायक्रोसिस्टिम्सने २००० साली ती कंपनी सुमारे दोन अब्ज डॉलरला विकत घेतली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत तो ठोकळा बाजारातून गेला. मायक्रोसॉफ्टच्या त्या मालिकेतली शेवटची आवृत्ती २०११ची. तिचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. ज्यांनी विश्वासाने सगळे त्यात ठेवले होते, त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड हलवावे लागले. म्हणून पेटी घेताना आत काय काय मावते यापेक्षा आतले बाहेर कसे काढायचे, हे मला महत्त्वाचे वाटते. विक्रेते मात्र पहिल्यावर तासभर बोलतात आणि दुसऱ्यावर म्हणतात, "सर, त्याची वेळच येणार नाही."

सांगलीत ती वेळ आलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. धोक्याची पातळी ४५ फूट. भाच्याच्या दुकानात छातीपर्यंत पाणी होते. औषधे गेली ती गेलीच, त्यांचा विमा होता. पण हिशेबाचे ते यंत्रही बुडाले आणि बॅकअपचा पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात होता, तोही. दाजींना पाणी ओसरल्यावर कळले की कोणाकडून किती येणे आहे, हे त्यांना सांगता येत नाही.

मग जुळवाजुळव सुरू झाली. नोंदणीकृत दुकानांची बिले जीएसटीच्या विवरणपत्रात गेलेली होती, त्यामुळे जूनपर्यंतची विक्री तिथून काढता आली. धनादेश बँकेच्या उताऱ्यात सापडले. राहिली रोख वसुली आणि जुलैपासूनची बिले. ती कुठेच नव्हती. विक्री सरकारदरबारी होती, वसुली मात्र पाण्यात. दाजी आणि भाचा दुकानोदुकानी गेले. बहुतेकांनी आपापल्या वहीतला आकडा दाखवला आणि तो मान्य केला. माणसे चांगली असतात, आणि पुरात तर जास्तच. पण एकजण, पंचवीस वर्षांची ओळख असलेला, म्हणाला, "मागच्याच महिन्यात तुमच्या पोराकडं दिलेत की." दिलेही असतील. दाजींनी ती रक्कम बुडीत लिहिली. त्या दुकानात मात्र ते पुन्हा गेले नाहीत आणि तो माणूसही इकडे फिरकला नाही. दोघांपैकी कोणीतरी खरे बोलत होते, किंवा दोघेही. हे ठरवू शकणारी वही उरली नव्हती.

म्हणून कोटेशने उघडण्याआधी मी भाच्याला विचारले, "अरे, तुझं बिलिंगचं सॉफ्टवेअर कशावर चालतं?" सर्व्हर निवडताना पहिला प्रश्न हाच, आणि तो बहुधा शेवटी विचारला जातो. दुसरे कोटेशन चार डिस्कच्या, दप्तराएवढ्या एका सुबक पेटीचे होते. या पेट्यांना 'नॅस' म्हणतात. फायली ठेवायला उत्तम, वीज कमी खाते, आवाज नाही. पण घाऊक औषधांची बरीच सॉफ्टवेअर विंडोजवर, डेटाबेसवर चालतात आणि त्या पेटीत तसली विंडोज नसते. भाच्याने सॉफ्टवेअरवाल्याला विचारले, तो सरळ "नाही" म्हणाला. एक कोटेशन बाजूला झाले.

तिसरे क्लाउडचे. पेटीच नको, सगळे दूरच्या डेटा सेंटरमध्ये, महिन्याचे भाडे. चार माणसांची कचेरी असेल, कामात पत्रे आणि फायलीच जास्त असतील, तर मी डोळे मिटून हेच सुचवीन. पण भाच्याच्या काउंटरवर सकाळपासून बिले फाटतात. इंटरनेट तासभर गेले तर टेम्पो दारात उभा राहतो. शिवाय मी त्या विक्रेत्याला विचारले, भाडे थांबवले तर आमचा हिशेब आम्हांला कोणत्या रूपात परत मिळेल? त्याने विचारून सांगतो म्हटले. अजून विचारतो आहे.

उरले पहिले. विंडोजवर चालणारा छोटा उभा सर्व्हर, दोन डिस्क एकमेकींची हुबेहूब नक्कल करणाऱ्या. या सोयीला 'रेड' म्हणतात. विक्रेता म्हणाला, "त्यामुळे बॅकअपची काळजीच नाही." इथे मला आमचा कार्बन पेपर आठवला. व्हाउचरखाली कार्बन ठेवला की दुसरी प्रत आपोआप निघते. पण वर चुकीचा आकडा लिहिला तर खालीही तोच चुकीचा उमटतो. दोन डिस्कचेही तसेच. एक जळाली तर दुसरीवर काम चालू राहते, ही मोठी सोय. पण एखाद्याने चुकून खाते पुसले, व्हायरसने फायली कुलूपबंद केल्या, किंवा पेटीच पाण्यात गेली, तर दोन्ही एकदमच. कार्बन कॉपी म्हणजे दुसऱ्या शाखेत ठेवलेली प्रत नव्हे.

व्हायरसची गोष्ट ऐकीव म्हणून सोडून देऊ नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने जगभरातले संगणक बंद पाडले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्या गाठल्या, त्याही थेट इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या. घरून हिशेब बघता यावा म्हणून सर्व्हरचे दार रस्त्यावर उघडणे म्हणजे तिजोरी फुटपाथवर ठेवून तिला चांगले कुलूप लावणे. घरून बघायचे तर व्हीपीएनच्या आतल्या वाटेने या, नाहीतर दुकानात या.

आता थोडे बँकेविषयी. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ सालचा. त्यानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन आली, तेव्हा मी तरुण अधिकारी होतो. नोकऱ्या जाणार म्हणून संप, मोर्चे झाले, ते सगळे आठवते. पण यंत्र आल्यावरही आमची जुनी शिस्त सुटली नाही, हे मला आज जास्त मोलाचे वाटते. तिजोरीला दोन किल्ल्या, एक अधिकाऱ्याकडे, एक हेड कॅशियरकडे. एकट्याने उघडायचीच नाही. जादा किल्ल्यांचा संच दुसऱ्या शाखेत, मोहोरबंद. आणि रोकड मोजायला कोणीतरी न सांगता येऊन उभे राहणार. यातले एकही यंत्राच्या कोटेशनमध्ये नसते. भाच्याच्या कोटेशनमध्ये 'ॲडमिन पासवर्ड' विक्रेत्याच्या माणसाकडे राहील, असे बारीक अक्षरात होते. मी ती ओळ खोडायला लावली.

शेवटी काय घेतले? पहिल्या कोटेशनमधलाच उभा सर्व्हर, पण त्यातून दोन गोष्टी काढून. ई-मेल बाहेरच्या सेवेकडे दिले, कारण स्वतःच्या पेटीत टपालखाते चालवणे हा आता वेगळा उद्योग झाला आहे. सीसीटीव्हीला त्याचे वेगळे रेकॉर्डर. चोवीस तास चित्रण लिहून हिशेबाच्या डिस्क झिजवायच्या कशाला? वाचलेल्या पैशातून दोन डिस्कची छोटी नॅस पेटी आली. जे यंत्र मुख्य म्हणून चालले नाही, ते बॅकअपसाठी अगदी योग्य निघाले. विंडोजची आवृत्ती पंचवीस माणसांपर्यंत वेगळे परवाने न मागणारी घेतली. यूपीएस चांगला घेतला. त्यात मात्र काटकसर करू दिली नाही.

सर्व्हर आणि नॅस, दोन्ही पेट्या आता पहिल्या मजल्यावर आहेत. त्यासाठी दाजींना आपली दुपारच्या झोपेची खोली सोडावी लागली आणि त्यांनी ती सहजासहजी सोडली नाही. रात्रीचा बॅकअप नॅसवर जातो. त्याची कुलूपबंद प्रत मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये जाते. शिवाय दर शनिवारी एक सुटी डिस्क मिरजेला, नदीपासून लांब, ताईच्या घरी. अशा दोन डिस्क आळीपाळीने फिरतात. जीएसटीच्या नियमाप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावा लागतो, म्हणून वर्षअखेरीची एक डिस्क वेगळी, न पुसण्यासाठी. पासवर्ड दोन पाकिटांत. एक भाच्याच्या कपाटात, दुसरे ताईच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राच्या डबीखाली. ताईने विचारले, "हे उघडायचं कधी?" भाचा गप्प बसला. मीच सांगितले, "तो गावात नसेल आणि दुकान बंद पडलं असेल, तेव्हा."

मार्चच्या हिशेबाआधी मी एका रविवारी न कळवता सांगलीला गेलो. सर्व्हर बंद करायला लावला आणि ताईकडची डिस्क मागवून म्हटले, "आता यावरून काल संध्याकाळची उधारी काढून दाखव." भाच्याने जुना लॅपटॉप काढला. पहिला तासभर सॉफ्टवेअरचा परवानाच उमटेना, मग डेटाबेसची आवृत्ती जुळेना. सॉफ्टवेअरवाल्याला घरून उठवले. दुपारी साडेतीनला उधारीची यादी पडद्यावर आली. शनिवारी संध्याकाळी छापून ठेवलेल्या कागदाशी दाजींनी ती पेन्सिलने एकेक खूण करत ताडून पाहिली. बेरीज जुळली. परवान्याचा क्रमांक मात्र कुठल्याच पाकिटात नव्हता. तो लिहून टाकण्यासाठी ताईला पुन्हा लॉकर उघडावा लागला.